बॅटरीवरचा निळा पत्रा

मित्रांनो, मोटारीसमोर उभे राहिलात की तुम्ही काय पाहता? रंग पाहता, चाकांची चकाकी पाहता, काचेत बघून स्वतःचे केससुद्धा नीट करून घेता. पण पुढचे बॉनेट उचलून आत डोकावणारे तुमच्यात कितीजण असतील? मी तिथे आत राहतो. मी एक जुना पत्रा आहे. अंगाने ॲल्युमिनियमचा, रंगाने गडद निळा आणि कामाने बॅटरीवरचे झाकण. मला कुठल्याही कारखान्याने बनवले नाही. ज्या दोघांनी मला बनवले, त्यांतले एक दात बनवत आणि दुसरी कपडे शिवत असे. खरे सांगायचे तर मोटारीला माझी काडीचीही गरज नव्हती. मी नसतो तरी ती तशीच धावली असती. तरीही मी झालो, आणि माझ्या निमित्ताने एका घरात बरेच काही घडले.

माझे आधीचे आयुष्य भिंतीकडे तोंड करून गेले. दातांच्या एका दवाखान्यात औषधांचे कपाट होते. मी त्याची मागची बाजू होतो. एका अंगाला बाटल्यांच्या पाठी, दुसऱ्या अंगाला भिंतीची ओल. लोकांचे कण्हणे रोज ऐकू यायचे, पण कोण कण्हते आहे ते कधी दिसले नाही. पुढे कपाटाचे लाकूड भुसभुशीत झाले आणि ते मोडीत निघाले. त्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवणारे एक गृहस्थ बसत. त्यांना सगळे कवळीकाका म्हणत. त्यांनी मला उचलले, बोटाने टकटक वाजवून पाहिले आणि म्हणाले, "पत्रा चांगला आहे, कामाला येईल." कामाला येईल म्हणून घरी आणलेल्या वस्तूंचे काय होते, ते तुम्हाला माहीत आहेच. माझी रवानगी पलंगाखाली झाली.

घर लहान होते. पुढच्या खोलीत खिडकीशी काकूंचे शिवणयंत्र. काकू आसपासच्या लोकांचे कोट, फ्रॉक, पडदे, जे येईल ते शिवत. खिडकीबाहेर दोन पायऱ्या आणि त्यांच्यापुढे एक मोटार मावेल एवढी मोकळी जागा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नवी मोटार घेतली तेव्हा त्यांची जुनी मोटार काकांकडे आली आणि ती जागा भरली. काका इतके खूश झाले की पहिल्या दिवशी त्यांनी ती तीनदा धुतली. मग त्यांनी बॉनेट उघडले आणि त्यांचा चेहरा पडला.

आत सगळे काळे आणि तेलकट होते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखी पूड साचली होती. वायरी कशाही लोंबत होत्या.

"अगं, इकडे ये जरा," काकांनी खिडकीतून हाक मारली. "बघ. बाहेरून चेहरा कसा हसरा, आणि तोंड उघडलं की हे!"

"चालते ना नीट?" काकूंनी तोंडातल्या टाचण्या सांभाळत विचारले.

"चालण्याचा प्रश्न नाही. लाजते बिचारी. मी आयुष्यभर लोकांची तोंडं बघतोय, मला कळतं."

पुढचे काही रविवार काका त्या मोटारीच्या तोंडात डोके घालूनच होते. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून त्यांनी दात घासायच्या जुन्या ब्रशने बॅटरीची टोके स्वच्छ केली. असे ब्रश त्यांच्याकडे ढिगाने होते. वायरी त्यांनी ओळीने बांधल्या. तरी ती बॅटरी त्यांना खटकत होती. मळकट, ओरखडे पडलेली, कुणाचे तरी फाटलेले लेबल अंगावर. तिला झाकायला हवे होते.

पहिला प्रयोग बुटांच्या खोक्याचा झाला. काकांनी खोके कापले, चिकटवले, बॅटरीवर घातले आणि काकूंना बोलावले. काकूंना इतके हसू आले की त्यांना पायरीवर बसावे लागले.

"अहो, हे काय? टोपी घातलीत की पोतं?"

"हस, हस. तुला जमतंय का ते दाखव."

काकू उठल्या. गळ्यातली टेप काढून त्यांनी बॅटरीला गुंडाळली, गिऱ्हाइकाला गुंडाळतात तशी. "कंबर नाहीच हिला. वरून खालपर्यंत सारखी. अशी गिऱ्हाइकं बरी, वजन वाढतही नाही आणि घटतही नाही." मग त्या घरात गेल्या आणि वर्तमानपत्राच्या कागदावर त्यांनी माझा खाका कापला. वरची बाजू, चार अंगे, दुमडायला थोडा कागद जास्त, आणि दोन कडांना ओळीने छोटी भोके.

"ही भोकं कशाला?" काकांनी विचारले.

"तुम्हीच म्हणालात ना, बॅटरीतून हवा निघते? मग श्वास घ्यायला जागा नको?"

तेव्हा काकांना पलंगाखालची आठवण झाली. मित्रांनो, किती काळ मी तिथे पडून होतो कोण जाणे. मला ओढून बाहेर काढले, पुसले, अंगावर कागद पसरला आणि पेन्सिलीने रेघा मारल्या. एका क्षणी काकांचा हात यंत्राजवळच्या मोठ्या कात्रीकडे गेला.

"अहो! त्या कात्रीला मी कागदसुद्धा दाखवत नाही, आणि तुम्ही पत्रा कापायला निघालात?"

काका मुकाट्याने कोपऱ्यावरच्या पत्रेवाल्याकडून त्याची कात्री मागून घेऊन आले. कापताना दुखले, ते कबूल करतो. पण पुढचे सगळे लाडाचेच होते. लाकडी ठोकळ्यावर ठेवून काकांनी माझ्या कडा हळूहळू वाकवल्या. कानशीने कोपरे गोल केले, म्हणजे कुणाचा हात कापू नये. जुन्या पायपुसण्याचे रबर कापून काकूंनी माझ्या पोटाला आतून चिकटवले. पत्रा बॅटरीच्या टोकांना लागला तर ठिणगी उडते, म्हणून हे रबर फार महत्त्वाचे. काकू मात्र त्याला अस्तरच म्हणत. "बिनअस्तराचा कोट मी कुणाला देत नाही," असे म्हणून त्यांनी कडेपर्यंत बोट फिरवून ते नीट दाबले.

मग निळा रंग. तो वाळल्यावर काकांनी मला दवाखान्यामागच्या खोलीत नेले. तिथे कवळ्यांना चकाकी देणारे एक कापडी चाक होते. चाक गरगर फिरायचे, त्यावर दगडाची ओली पूड टाकायची आणि कवळी टेकवली की ती ओठांआडच्या दातांसारखी चमकायची. माझ्या खालच्या कडेचा रंग खरवडून काकांनी ती कड त्या चाकावर धरली. ती अशी उजळली की शेजारच्या ताटलीतल्या कवळ्या माझ्यात हसताना दिसू लागल्या.

घरी परतल्यावर शेवटचे काम राहिले होते. निळ्या रंगावर कडेने एक बारीक पिवळसर रेघ. काकांनी बारीक ब्रश घेतला, श्वास रोखला आणि रेघ ओढायला सुरुवात केली. त्याच हाताने त्यांनी कवळ्यांतल्या केसासारख्या बारीक फटी बुजवल्या होत्या. पण माझ्या अंगावर तो ब्रश सरळ चालेना. तो नाचत होता. रेघ एकदा वर गेली, एकदा खाली आली. काकांनी हात थांबवला, झटकला, पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

खिडकीशी यंत्र थांबले होते. काकू बघत होत्या.

"ब्रश खराब आहे," काका म्हणाले.

"हो, ब्रशच खराब दिसतोय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा यंत्रावर पाय ठेवला. त्या दुपारी ते यंत्र जरा जास्तच वेळ चालले.

असा मी मोटारीत बसलो. दोन्ही बाजूंना हाताने फिरवता येणारे दोन नट होते, त्यांनी मला घट्ट धरले. आणि मित्रांनो, ज्याचे तोंड वर्षानुवर्षे भिंतीकडे होते, त्याच्याकडे आता लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. डॉक्टर आले, पत्रेवाला आला. काका पेट्रोल भरायला गेले की उगाचच बॉनेट उघडत आणि "जरा पाणी बघतो" म्हणत. पाण्याकडे त्यांचे लक्ष नसे. कुणी आपल्याकडे बघते आहे का, हे ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत.

शेजारी एक निवृत्त मास्तर राहत. त्यांना सगळ्याच गोष्टींत खोट दिसे. ते मला पाहून म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण मला सांगा, बॉनेटच्या आत कोण बघणार आहे?"

काका म्हणाले, "मास्तर, शर्टाच्या आत तरी कोण बघतं? पण फाटका बनियन घालावासा वाटतो का आपल्याला?"

मास्तरांचा हात नकळत आपल्या शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला. मग त्यांना घरी काहीतरी काम आठवले.

पुढची वर्षे फार सुखाची गेली. दवाखाना, बाजार, कापडाचे गठ्ठे, सुट्टीच्या दिवशी तलावाकाठची चक्कर. त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला निघाली तेव्हा तिची वळकटी आणि पेटी घेऊन आम्हीच स्टेशनवर गेलो.  इंजिनाची ऊब, उन्हाळ्याचा ताव, रस्त्याची धूळ, सगळे माझ्या अंगावर यायचे. पण दर रविवारी काका ओल्या फडक्याने मला पुसत आणि नट आवळत. इंजिन चालू झाले की माझे अंग बारीक थरथरे. ती थरथर मला आवडायची. निघायची वेळ झाली, असा तिचा अर्थ होता.

मग एकदा एका आजोबांची नवी कवळी टोचू लागली. काकांनी ती दुरुस्त केली, तरी टोचली. नंतर आणखी एका बाईंची. डॉक्टर भले होते. ते म्हणाले, "काका, थोडे दिवस आराम करा." थोडे दिवस म्हणता म्हणता मागच्या खोलीत दुसराच माणूस बसू लागला.

घरी काकांनी यातले काही सांगितले नाही. "डॉक्टरांकडे सध्या काम कमी आहे," एवढेच म्हणाले. ते हात खिशात ठेवू लागले. चहाचा कप समोर आला की "निवू दे" म्हणत, आणि काकू आत गेल्यावर दोन्ही हातांनी धरून पीत.

एका सकाळी मोटार बाहेर काढताना ती फाटकाच्या खांबावर आदळली. फार नाही, पण पुढचा दिवा फुटला. काका खाली उतरले. बॉनेट उघडून त्यांनी दोन्ही हात माझ्यावर टेकले. इंजिन बंद होते आणि तरी मी वाजत होतो. थर्र, थर्र, थर्र. मला आधी वाटले, माझे नट सैल झाले असावेत. मग कळले, ते त्यांचे हात होते.

आत जाऊन त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली. "मोटारीत काहीतरी बिघाड आहे. आता चालवायची नाही," म्हणाले.

मित्रांनो, उभ्या मोटारीचे दिवस फार लांब असतात. वरून एक जुनी चादर पडली. चादरीवर पाने साचली, मोटारीखाली एका मांजरीने पिल्ले घातली. उंदराने माझ्या अस्तराचा कोपरा कुरतडला. बॅटरी हळूहळू मेली. मला पुसायला कुणी आले नाही. खिडकीतून यंत्राचा आवाज यायचा, आणि कधीकधी तो मध्येच थांबायचा. काकू खिडकीतून चादरीकडे बघत असाव्यात.

मुलगी सुट्टीवर आली. फुटका दिवा आणि बाबांचे खिशातले हात तिने लगेच हेरले. तिने चादर ओढून काढली आणि तिघेही मोटारीभोवती उभे राहिले.

"बाबा, विकून टाकू या. नुसती गंजतेय."

"मी शिकते चालवायला," काकू म्हणाल्या.

काका एकदम काकूंकडे वळले. "तू? या वयात?"

"का? या वयात चष्मा लागतो, पाय नाही गळत."

"नको. मोटारीतच बिघाड आहे, सांगितलं ना एकदा!"

"मोटारीत काही बिघाड नाही," काकू शांतपणे म्हणाल्या. "तुमचा हात थरथरतो. मला माहीत आहे. तुम्ही ती रेघ ओढत होतात, त्या दिवसापासून माहीत आहे."

 मांजरीची पिल्ले तेवढी ओरडत होती.

"मग बोलली का नाहीस?" काकांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तुम्ही ब्रश म्हणालात, मी ब्रश म्हटलं. मला वाटलं, सांगावंसं वाटेल तेव्हा सांगाल. चुकलंच माझं. तेव्हाच हात धरून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

काकांनी खिशातून हात काढला. तो उन्हात थरथरत होता. मुलीने तो आपल्या दोन्ही हातांत धरला आणि ती रडू लागली. काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पुरे आता. रडून हात बरा होत नाही. उद्या डॉक्टरकडे जायचं."

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासले. हा थरथरीचा आजार आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहतो, पण जात नाही, असे त्यांनी सांगितले. काकांना वाईट वाटले, पण हलकेही वाटले. लपवायचे काम संपले होते, निदान घरात तरी.

काकू खरोखरच शिकू लागल्या. जवळच मोटार शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना सगळे ताई म्हणत. ताईंचा आवाज मोठा आणि धीर त्याहून मोठा. पहिल्या परीक्षेत काकू मोटार मागे घेताना चुकल्या आणि नापास झाल्या. घरी येऊन त्या करवादल्या, "यंत्रावर उलटा टाका घालते तेव्हा कधी चुकत नाही, आणि ही मेली मागे जाताना भलतीकडेच फिरते!" दुसऱ्या परीक्षेत मात्र पास झाल्या.

तिकडे आमची मोटार मेस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेली. त्याने दिवा बसवला, तेल बदलले आणि नवी बॅटरी घातली. नवी बॅटरी उंच होती. मी तिच्यावर बसेना. मेस्त्रीने मला दोनदा दाबून पाहिले, मग खांद्यावरून मागे फेकले. मी जुन्या नळ्या, फुटके पंखे आणि फाटके पट्टे यांच्या ढिगात जाऊन पडलो. माझा एक कोपरा चेपला. मोटार निघून गेली. तिच्या इंजिनाचा आवाज मी दूर जाईपर्यंत ऐकला. मला वाटले, संपले. इथून पुढे भंगारवाला आणि भट्टी.

पुढे घरी काय झाले, ते मी नंतर काकूंच्या तोंडून ऐकले. मोटार दारात आली तशी काकांनी सवयीने बॉनेट उघडले. बॅटरी उघडी होती. काका तिच्याकडे बघत राहिले. काकू म्हणाल्या, "अहो, आपला पत्रा?"

"राहिला असेल तिकडे. जाऊ दे," काकांनी बॉनेट खाली घेतले. "आत कोण बघणार आहे?"

मास्तरांचेच वाक्य आता काकांच्या तोंडी आले होते. गोळ्या घेताना, दवाखान्यातली खोली सोडताना, किल्ली खिळ्याला लावताना काकांनी जेवढी हार मानली नव्हती, तेवढी त्या वाक्यात मानली होती.  यंत्रावरचा अर्धा कोट तसाच सोडून काकूंनी खिळ्यावरची किल्ली काढली.

"कुठे निघालीस?"

"येते."

"एकटी?"

"मग काय वरात काढू?"

तोवर त्या शेजारी ताई बसल्याशिवाय कधी मोटार घेऊन गेल्या नव्हत्या. चौकात मोटार बंद पडली. मागच्यांनी भोंगे वाजवून कान किटवले. एकाने काच खाली करून काहीतरी सुनावलेसुद्धा. काकूंनी त्याला सांगितले, "दादा, घाई असेल तर वरून उडून जा." मग किल्ली फिरवली आणि निघाल्या.

मी ढिगात पडल्या पडल्या पाहिले, तर गॅरेजच्या दारात ओळखीची मोटार एक गचका खाऊन थांबली. काकू उतरल्या. त्यांचे कपाळ घामाने भिजले होते आणि गळ्यात टेप तशीच होती.

"काकू, एकट्या आलात?" मेस्त्री पुढे आला. "मोटारीनं त्रास दिला का?"

"माझी वस्तू राहिलीय इथं. बॅटरीवरचा पत्रा."

"तो होय! अहो, तो कंपनीचा नव्हता. घरगुती काहीतरी होतं."

"कंपनीचा नव्हता म्हणूनच आलेय. कंपनीचा असता तर दुसरा मिळाला असता."

मेस्त्री ओशाळला. कुठे फेकला ते त्याला आठवेना. काकू स्वतःच त्या ढिगाशी गुडघ्यांवर बसल्या. तेलात त्यांचे कपडे माखले. त्यांनी एकेक नळी, एकेक पट्टा बाजूला केला आणि माझी निळी कड दिसताच मला ओढून काढले. कापडाचा पोत बघावा तसे त्यांनी माझ्या चेपलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवले. मेस्त्री खाली मान घालून म्हणाला, "पण काकू, नवी बॅटरी उंच आहे. बसणार नाही तो."

"पोर उंच झालं म्हणून फ्रॉक फेकून देतात का? खाली पट्टी जोडतात," काकू म्हणाल्या. मग मेस्त्रीनेच एक चांगला पत्र्याचा तुकडा शोधून दिला.

येताना मी काकूंच्या शेजारच्या सीटवर बसून आलो. मोटारीच्या आत बसून रस्ता बघण्याची माझी ती पहिलीच वेळ. रस्ता इतका रुंद असतो, हे मला ठाऊकच नव्हते.

काका फाटकात उभे होते. काकू सुखरूप आल्या म्हणून त्यांनी आधी देवाचे नाव घेतले, मग मला पाहिले, मग काकूंचे माखलेले कपडे पाहिले.  "वेडी आहेस," एवढेच म्हणाले आणि आत जाऊन कानस शोधू लागले.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. काका सांगत आणि काकू करत. भोक कुठे पाडायचे, जोडाचा रिव्हेट-खिळा कसा ठोकायचा, कड कुठे घासायची. अधूनमधून दोघांचे वाजायचे. "अगं, हळू! कापड आहे का ते?" "मग तुम्ही या इकडे!" चेपलेला कोपरा वर आला, पट्टी जोडली गेली, उंदराने खाल्लेल्या जागी नवे अस्तर लागले. नव्या पट्टीला रंग द्यायचा का, असे काकांनी विचारले, तेव्हा काकू म्हणाल्या, "राहू दे तशीच. जोड दिसू दे." मग दोघे मला घेऊन दवाखान्यामागच्या त्या खोलीत गेले. तिथल्या नव्या माणसाने उठून काकांना त्यांची जुनी खुर्ची दिली. काकांनी कोपर टेबलावर टेकले, काकूंनी त्यांचे मनगट धरले आणि दोघांनी मिळून मला चाकावर धरले. ते चाक स्वतःच इतके थरथरत असते की काकांच्या हाताचे त्याला काही वाटले नाही. पट्टी उजळली. मी पुन्हा बॅटरीवर बसलो.

गोष्ट इथे संपली असती. पण ताईंनी एकदा बॉनेट उघडलेले पाहिले आणि त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. त्यांच्याकडे शिकणाऱ्या बाया मोटार चालवायला शिकत, पण बॉनेट उघडायला घाबरत. "काका, तुम्ही शिकवा त्यांना. इतकं स्वच्छ आतलं अंग मी कुठे पाहिलं नाही."

"छे, छे. चार माणसांसमोर मला जमणार नाही," काका म्हणाले आणि त्यांनी हात खिशात घातले.

ताई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका रविवारी त्या पाचसहा बाया घेऊन थेट दारातच आल्या. त्यांत एक नर्स होती, एक भाजीवाली होती, एक कॉलेजात जाणारी मुलगी होती. काकूंनी बॉनेट वर केले आणि त्या सगळ्या मला बघून पुढे सरकल्या. काकांना बोलावेच लागले. हात खिशात ठेवूनच ते सांगू लागले. हे तेल, हे पाणी, ही बॅटरी. नुसत्या हनुवटीने दाखवत होते.

"हे म्हणजे कुठलं? हे की ते?" भाजीवालीने विचारले.

काकांनी पुन्हा हनुवटी हलवली.

"अहो काका, बोटानं दाखवा ना नीट. हनुवटीनं मला काय कळतंय!"

सगळ्या हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी काकूंकडे पाहिले. काकू मदतीला धावल्या नाहीत. त्या नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या.

काकांनी खिशातून उजवा हात काढला आणि माझ्यावर ठेवला. मी वाजू लागलो. सगळ्यांनी ऐकले.

"हात थरथरतो माझा," काका म्हणाले. "आजार आहे. गोळ्या चालू आहेत. बोट एका जागी राहत नाही, म्हणून दाखवत नव्हतो. पण हे काय आहे ते मला पक्कं माहीत आहे. तू पुढे ये. माझं बोट जिथे जिथे फिरतंय ना, त्याच्या मधोमध बघ. सापडलं? ते बॅटरीचं टोक. सैल आहे का बघ हलवून."

भाजीवालीने वाकून पाहिले. "आहे की सैल!"

"मग आवळ. पाना तुझ्या हातात, डोकं माझं."

तिने आवळले. मग कॉलेजातल्या मुलीला तेल बघायचे होते, नर्सला पाणी घालून बघायचे होते. दुपारचे ऊन पायरीवर आले तरी कुणी हलेना. काका बोलत होते, हात हलत होता, आणि त्यांचे आता त्याकडे लक्षही नव्हते. आत खिडकीशी काकूंचे यंत्र सुरू झाले. मी ते ओळखतो. इतके सरळ आणि न थांबता ते फार दिवसांनी चालले होते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरातही कुणीतरी आपल्या हातांनी केलेली एखादी वस्तू असेल. तिच्याशिवाय कुणाचे काही अडत नसेल, म्हणून ती कपाटामागे किंवा माळ्यावर गेली असेल. तिला बाहेर काढा. ओले फडके पुरते. पुसताना ती ज्याने केली त्याला हाक मारा आणि शेजारी बसवून घ्या. त्याच्या हातांना काय होते आहे, तेही त्याच बैठकीत विचारा, पुढच्या खेपेवर टाकू नका. आणि मोटारीच्या बॅटरीपाशी काम करत असाल तर बोटातली अंगठी आधी काढून ठेवा. झाकण परत बसवले की दोन्ही नट नीट आवळा. एक मी सांगितले म्हणून, आणि दुसरा काकूंसाठी.